नागपुरात दिवाळी कशी साजरी करतात? पुण्याहून बदली झाली आहे, काय पाहावं?

नागपूरची दिवाळी इतवारी, महाल आणि सीताबर्डीत दिसेल. धनत्रयोदशीला इतवारीच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते, लक्ष्मीपूजनाला दुकानांत चोपड्यांची पूजा होते. रोषणाई, लाह्या-बत्ताशे, फटाके तुम्ही पुण्यातही पाहिले आहेत. पाडव्याचा दिवस मात्र शहरात घालवू नका.

मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, समाजाने गोवारी. बाबा गावाचे गायकी, म्हणजे ढोरं राखणारे होते. सकाळी आखरावर साऱ्या गावाची ढोरं जमायची, बाबा ती रानात न्यायचे आणि दिवेलागणीला परत आणायचे. वर्षाची बोली धानात ठरायची. आमच्याकडे दिवाळी गाईची. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाबा आणि चार-सहा जण डफ, पावा घेऊन घरोघरच्या गोठ्यांत गाई जागवायला निघत. एक जण दोहा म्हणे, बाकीचे हाळी देत, आणि घरची बाई दिवा आणि सुपात धान घेऊन बाहेर येई. दुसऱ्या दिवशी गायगोधन. गाईंची शिंगं रंगवायची, आखरावर शेणाचं गोधन मांडायचं आणि त्यावरून गाई न्यायच्या. नव्या तांदळाची खिचडी आधी गाईला, मग माणसाला. शिवाय ढाल. उंच बांबूला कापड बांधून टोकाला मोरपिसांचा झुपका लावतात. आमच्यासाठी तिच्यात आमचे वाडवडील असतात. ती नाचवत गावभर फिरवतात.

माझा लहान भाऊ नागपुरात नोकरीला लागला आणि 2009 सालच्या पाडव्याला ऑफिसातले दोन मित्र घेऊन घरी आला. बाबा अंगणात ढालीला कापड बांधत होते, पायात घुंगरू होते. भावाने त्यांना गोठ्याजवळ नेलं आणि म्हणाला, "बाबा, आजच्या दिवस राहू द्या. पाहुण्यांसमोर बरं नाही वाटत." बाबा एक शब्द बोलले नाहीत. खाली बसून त्यांनी घुंगरू सोडले, मोरपिसं कापडात गुंडाळली आणि आत गेले. तिकडे आखरावर गाव थांबलं होतं. बोलवायला दोनदा पोरं येऊन गेली. शेवटी ढाल मी उचलली. मला ती कधी पेलायची सवय नव्हती, चावडीपर्यंत जाईस्तोवर खांदा भरून आला. मागे वळून पाहिलं तर ते दोन्ही पाहुणे वरातीत होते. दुपारी त्यांनीच बाबांना ओसरीवर बसवून घेतलं आणि दोह्यांचे अर्थ विचारले. बाबा दोन तास बोलत होते. माझा भाऊ त्या वेळी आतल्या खोलीत होता.

त्याचं म्हणणं, आपण शिकलो ते यातून बाहेर पडायला. मला हे साफ चुकीचं वाटतं. ढोरं राखणं सुटलं ते चांगलंच झालं, त्यात बाबांचे गुडघे गेले. पण ढाल टाकायची काय गरज? तो रोज सीताबर्डीच्या शहीद गोवारी उड्डाणपुलावरून कामाला जातो. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात हिवाळी अधिवेशनावर गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 गोवारी मेले, त्यांत बाया-लेकरं जास्त. आदिवासींच्या सवलती मागायला आलेली माणसं होती ती. दिवाळी होऊन वीस दिवस झाले होते. त्यांनीही त्या पाडव्याला आपापल्या गावात गाई खेळवल्या असतील. पुलाला त्यांचं नाव आहे आणि त्यांचा सण पाहुण्यांसमोर लपवायचा, हे मला अजून सहन होत नाही.

तुम्ही पाहायला याल तर पाडव्याला सकाळी लवकर निघा. भंडाऱ्याची एसटी गणेशपेठच्या स्टँडवरून मिळते. ढालीला हात लावण्याआधी विचारा, फोटोही विचारूनच काढा. पाडवा हुकला तर मंडई आहेच, पुण्याची भाजीची नव्हे, आमच्याकडची जत्रा. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडया भरतात. प्रत्येक गावाची तारीख वेगळी ठेवतात, म्हणजे शेजारच्या गावांना एकमेकांकडे जाता येतं. दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचा लोकखेळ, रात्री नाटक, आणि सोयरिकीच्या गोष्टीही तिथेच निघतात. दिवेच पाहायचे असतील तर त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर जा, तिथे रात्री त्रिपूर जाळतात.

एक राहिलं. मी सांगितलं ते पूर्वेकडचं, आमच्या धानाच्या पट्ट्यातलं. अमरावती-अकोल्याकडे तुम्हाला हे असंच दिसेल असं समजू नका. आमच्याही बाजूला आता बऱ्याच गावांत गायकी उरला नाही, गाई कमी झाल्या. म्हणून आधी कोणाला तरी विचारून गाव ठरवा.

बाबा आता नाहीत, ढाल माझ्याकडे आहे. लहान भाऊ इथे वाचतो हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहितो: जुना बांबू किडला आहे, यंदा नवा तोडून आणायचा आहे, आणि तो एकट्याच्याने बांबूच्या बेटातून निघत नाही.