झोन मोजण्याआधी

प्रिय मुली,

प्लेटचा फोटो पाहिला. दारुहळदीच्या अर्काभोवती १९ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, आणि खाली तुझी चार उद्गारचिन्हं! पण अगं, अर्क ज्यात काढलास ते नुसतं मिथेनॉल टाकलेली कागदी डिस्क कुठे आहे? एमएस्सीला असताना मीही कडुनिंबाचा असाच झोन महिनाभर मिरवला होता. डिस्क नीट सुकलीच नव्हती. जंतू मेले होते ते अल्कोहोलने. आमचे सर काही बोलले नाहीत, फक्त अर्काविना केलेली प्लेट माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्यावरही तेवढाच झोन!

झोनवर फार विसंबू नकोस. तेलकट रेणू आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, पसरत नाहीत, म्हणून चांगलेही मागे पडतात. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, काढ, आणि ती मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम आली तर ५००च लिही. रक्तात एवढं पोचवणार कसं, हे परीक्षक विचारणारच. दारुहळदीतलं जंतूंवर चालणारं द्रव्य, बर्बेरिन, तर तोंडावाटे घेतलं की रक्तात जेमतेम उतरतं.

दारुहळदीची खरी गंमत वेगळीच आहे. बर्बेरिन स्टॅफिलोकोकस या जंतूच्या पेशीत शिरतं, पण नॉर-ए नावाचा पंप ते उपसून बाहेर टाकतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की याच कुळातल्या झाडांत ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन नावाचा आणखी एक रेणू असतो. एकटा तो जंतूचं काहीही वाकडं करत नाही, पण पंप अडवतो आणि बर्बेरिन आत साचतं. मला तर झाडाची ही युक्ती नव्या अँटिबायोटिकपेक्षा मोलाची वाटते. (सर्पगंधेतलं रिसर्पिनही हाच पंप अडवतं, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला झेपणारी नाही.)

म्हणून तुझा अर्क सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या जोडीला लावून बघ, कारण नॉर-ए तेही बाहेर उपसतो. चेकरबोर्ड कर, म्हणजे दोन्हींच्या कमी-जास्त मात्रा एकमेकींशी जोडून तपास. जोडीत प्रत्येकाची एमआयसी एकट्याच्या किती पट उरते त्यांची बेरीज, म्हणजे एफआयसी इंडेक्स, ०.५ किंवा त्याखाली आला तरच सिनर्जी (एकमेकांना बळ देणं) म्हण. अर्काचा रंग आणि गढूळपणा जंतूंची वाढ मोजणाऱ्या रीडर यंत्राला फसवतो, तेव्हा जंतू न घातलेल्या अर्काची एक रांग ठेवच.

आणि माल कुठून आणलास? काष्ठौषधीच्या दुकानात दारुहळद म्हणून कॉसिनियमच्या वेलीचे तुकडेही विकतात. तेही पिवळे, त्यातही बर्बेरिन, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. पान-फूल असलेली फांदी हिमालयाकडच्या कुणाकडून मागव आणि पुण्यात कोरेगाव रोडच्या बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळख पटवून घे. तोवर वहीत ‘दारुहळद’ लिहू नकोस, ‘दुकानातला नमुना’ लिही.

तुझे सर