मंद कोण : संगणक की त्याची डिस्क?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप संगणक आहे. त्यात क्वाड-कोर प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. बटण दाबल्यापासून तो वापरण्याजोगा होईपर्यंत चार मिनिटे जातात, आणि पडद्यावर सगळी चिन्हे दिसू लागल्यावरही ब्राउझर उघडायला आणखी मिनिटभर लागते. एकदा काम सुरू झाले की मात्र तक्रार करावी असे काही नसते. घरातली तरुण मंडळी म्हणतात की हा आता मोडीत काढा. एका परिचितांनी सुचवले की विंडोज ज्या डिस्कवर आहे ती बदलून एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, बसवा. इतक्या जुन्या यंत्रावर असा खर्च करणे शहाणपणाचे ठरेल का? शिवाय एसएसडी वापरून वापरून झिजते, असेही कानावर येते.

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा आपण ओघात लिहून गेला आहात : ‘एकदा काम सुरू झाले की तक्रार करावी असे काही नसते.’ ज्याचा प्रोसेसर अपुरा पडतो तो संगणक काम चालू असतानाही अडखळतो. जो केवळ सुरू होताना आणि नवा प्रोग्राम उघडताना रेंगाळतो, त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत असतो. त्यामुळे माझे उत्तर ‘अवश्य बसवा’ असेच आहे. तरीही खरेदीला निघण्यापूर्वी एक साधी तपासणी करावी, कारण अंदाज कितीही पटणारा असला तरी तो अंदाजच असतो.

संगणक सुरू झाल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व परफॉर्मन्स या भागात डिस्क निवडावी. डिस्कचा आलेख १०० टक्क्यांना टेकलेला, प्रोसेसरचा मात्र दहा-वीस टक्क्यांवर रेंगाळणारा, आणि तरीही डिस्कवरून प्रत्यक्ष वाचली जाणारी माहिती सेकंदाला जेमतेम एक-दोन मेगाबाइट असे चित्र दिसले, तर निदान पक्के झाले असे समजावे. याउलट प्रोसेसर पूर्ण भरलेला असेल, तर एसएसडीने फारसा फरक पडणार नाही. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर आधी रॅम वाढवावी. रॅम अपुरी असताना विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवते, आणि मग डिस्कचा आलेख भरलेला दिसला तरी खरा दोष तिचा नसतो.

डिस्क शंभर टक्के गुंतलेली असूनही इतकी थोडी माहिती का देते, हे समजले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या फिरत असतात आणि एका हातावर बसवलेले हेड त्यांवरील माहिती वाचते. डेस्कटॉपमधील डिस्क सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि हेडला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. अशा एका खेपेला १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला साधारण ७५ खेपा होतात. फाइल मोठी आणि सलग असेल तर हीच डिस्क सेकंदाला १००-२०० मेगाबाइट सहज वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो लहानसहान फाइली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. उदाहरणादाखल अशा १५,००० खेपा धरल्या, तर केवळ तबकडी फिरण्यात आणि हात सरकण्यात २०० सेकंद निघून जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिच्यातील फ्लॅश चिपमधून लहानसा तुकडा वाचायला मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो, म्हणजे त्याच १५,००० खेपा दीड सेकंदात आटोपतात. प्रत्यक्षात आपला संगणक दीड सेकंदात सुरू होणार नाही, कारण बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी संगणक जागा करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, तपासणी आणि प्रोसेसरचे स्वतःचे काम त्याला चुकत नाही. तरी चार मिनिटांचे अर्ध्या मिनिटाच्या आसपास यावे, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही.

थोडे विषयांतर करून सांगतो. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. त्यानंतर हार्ड डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली. घरगुती डिस्कचे फेरे मात्र केवळ सहा पटींनी वाढले. कोठार प्रचंड झाले आणि त्याची दारे होती तेवढीच राहिली, असा हा प्रकार आहे. संगणकाचे बाकीचे भाग दर काही वर्षांनी वेगवान होत असताना डिस्क मागे पडत गेली ती या कारणाने, आणि म्हणूनच हा एक भाग बदलल्याने जेवढा फरक जाणवतो तेवढा दुसरा कोणताही भाग बदलल्याने सहसा जाणवत नाही.

आता कोणती एसएसडी घ्यावी. आपल्या संगणकात सध्याची डिस्क साटा या डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या केबलने जोडलेली असेल, तर अडीच इंची साटा एसएसडी त्याच केबलवर चालते. तिला घट्ट बसवण्यासाठी साडेतीन इंचांच्या कप्प्यात मावणारी लहान चौकट मिळते. साटाची तिसरी आवृत्ती सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत नेते. काही मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर, एम.२ नावाचे चपटे सॉकेट असते आणि तेथे गोंधळ होण्याची शक्यता फार असते, कारण एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. त्यात बसणारी, दिसायला सारखीच असणारी एसएसडीची पट्टी साटाची असू शकते किंवा एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीची, आणि सॉकेट दोन्हींना चालेलच असे नाही. तेव्हा मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय एम.२ पट्टी घेऊ नये. एनव्हीएमई पट्टी एखाद्या कार्डावर बसवून जुन्या संगणकात घालण्याची युक्तीही सुचवली जाते. ती माहिती साठवायला चालेल, परंतु अनेक जुन्या बायोसना एनव्हीएमईवरून संगणक सुरू करता येत नाही, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे आहे. क्षमतेच्या बाबतीत फार कंजूषपणा करू नये. विंडोज आणि नेहमीचे प्रोग्राम १२० जीबीत कसेबसे बसतात, पण काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते आणि अधिक झिजतेही. ५०० जीबी घेऊन त्यातील निदान दहा-पंधरा टक्के मोकळे ठेवणे मला योग्य वाटते. जुनी डिस्क टाकून देऊ नये. छायाचित्रे आणि चित्रफिती तिच्यावर सुखाने राहतील, कारण तेथे मिलिसेकंदांची घाई नसते.

झिजण्याविषयी आपण ऐकले ते खोटे नाही. फ्लॅश चिपमधील प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येते, आणि एका पेशीत जितके अधिक बिट कोंबावेत तितकी ही संख्या घटते. तीन बिटांच्या टीएलसी चिपपेक्षा चार बिटांची क्यूएलसी चिप त्यामुळेच कमी टिकाऊ ठरते. मात्र आकड्यांकडे पाहिले की भीती ओसरते. ५०० जीबीच्या टीएलसी एसएसडीसाठी उत्पादक अनेकदा एकूण ३०० टीबी लेखनाची हमी देतात. आपण रोज २० जीबी लिहीत असाल, आणि घरगुती वापरात एवढे क्वचितच होते, तर वर्षाला साडेसात टीबीच्या आत लेखन होईल, आणि हमीचा आकडा गाठायला चाळीस वर्षे लागतील. एसएसडी निकामी होते ती बहुधा झिजून नव्हे, तर तिच्यातील नियंत्रक चिप किंवा अन्य भाग बिघडून.

खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची करावी. हार्ड डिस्क पुष्कळदा कुरकुरत, टकटक करत बिघडते आणि सावध माणसाला आपल्या फाइली वाचवायला अवधी देते. एसएसडी मात्र काल चालत होती आणि आज संगणकाला दिसतच नाही, अशा रीतीने जाऊ शकते. चुकून पुसलेली फाइल परत मिळवणेही तिच्यावर अवघड असते, कारण विंडोज ७ पासून उपलब्ध असलेल्या ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा एसएसडी स्वतःच पुढच्या लेखनासाठी रिकामी करून ठेवते. बाहेरच्या डिस्कवर नियमित बॅकअप घेण्याची सवय नसेल, तर एसएसडीच्या आधी ती लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

यंत्राच्या वयाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तसेच त्याच्या यादीतील प्रोसेसर लागतो; आठ वर्षांपूर्वीचे संगणक नेमके या सीमारेषेवर येतात. एसएसडी बसवल्याने ही पात्रता बदलत नाही. आपला संगणक अपात्र ठरला तर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालण्याचा मार्ग मोकळा आहे आणि एसएसडीवर तो उत्तम चालतो. तो रुचणार नसेल आणि नवा संगणक घ्यायचाच झाला, तर साटा एसएसडी काढून बहुतेक डेस्कटॉपमध्ये पुन्हा जोडता येते, त्यामुळे हा खर्च पूर्णपणे वाया जात नाही.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये आधीपासूनच साटा एसएसडी आहे. जाहिरातीत सेकंदाला ७,००० मेगाबाइट वाचणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हचा उल्लेख असतो. ती बसवली तर संगणक बारा-तेरा पटींनी वेगवान होईल का?

उत्तर : नाही. जाहिरातीतला आकडा मोठी फाइल सलग वाचण्याचा असतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे विंडोज सुरू होताना तशी वेळ फारशी येत नाही. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने संगणक सुरू होण्यात एक-दोन सेकंदांचा फरक पडला तर पडला. आपण मोठ्या चित्रफितींचे संपादन करत असाल किंवा शेकडो जीबीच्या फाइली रोज इकडून तिकडे हलवत असाल, तर गोष्ट निराळी. अन्यथा सध्याची ड्राइव्ह भरत आली असेल तेव्हाच बदलाचा विचार करावा.

प्रश्न : जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून मी एसएसडी बसवली, तरी संगणक पूर्वीइतकाच मंद आहे. फसवणूक झाली असेल का?

उत्तर : फसवणुकीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी संगणक नेमका कोणत्या डिस्कवरून सुरू होतो, ते पाहावे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे याचा बायोसमधील क्रम जुनाच राहतो, आणि संगणक इमानेइतबारे जुन्याच डिस्कवरचे विंडोज उघडत बसतो. एसएसडी शेजारी नुसती पडून असते. संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढावी आणि मग तो सुरू करावा. सुरू झाला आणि वेगाने झाला, तर बायोसमधील क्रम बदलून केबल पुन्हा लावावी. सुरूच झाला नाही, तर क्लोन करताना विंडोजचा आरंभीचा लहानसा विभाग बहुधा राहून गेला आहे आणि प्रत पुन्हा करावी लागेल. एसएसडीवरूनच सुरू होऊनही मंद असेल, तर बायोसमध्ये साटा डिस्कशी बोलण्याची पद्धत नवी एएचसीआय आहे की जुनी आयडीई, हे तपासावे. आयडीई असली तरी ती एकदम बदलू नये, कारण विंडोजला आधी तयार न करता केलेल्या बदलाने ते सुरू होण्याचेच थांबू शकते. व्यक्तिशः मी क्लोनच्या वाटेला सहसा जात नाही. वर्षानुवर्षे साचलेले प्रोग्राम नव्या जागेत जसेच्या तसे नेण्यापेक्षा एसएसडीवर विंडोज नव्याने बसवावे, लागतील तेवढेच प्रोग्राम तिच्यावर घ्यावेत, आणि सगळे नीट चालल्याची महिनाभर खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.