उलव्यातला रॉकेलचा वास आणि बाल्कनीतली काळी धूळ

उलव्याच्या ताईंनी विचारलंय: नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून मधूनच रॉकेलसारखा वास येतो, बाल्कनीत काळी धूळ बसते, इंजिनात एवढी उष्णता असून इंधन पूर्ण जळत कसं नाही? आणि जैव इंधन मिसळलं तर थांबेल का?

ताई, आधी वास आणि काजळी वेगळी करा. दोन्हींची कारणं जवळजवळ उलट आहेत.

विमानाचं इंधन जेट ए-१ हे रॉकेलच, फक्त निकष कडक. बहुतेक रेणू ८ ते १६ कार्बनचे. ज्वालेत ते थेट ऑक्सिजनशी जुळत नाहीत. उष्णतेने आधी तुटतात, इथिलीनसारखे छोटे तुकडे होतात, त्यांचा कार्बन मोनॉक्साइड आणि शेवटी त्याचा कार्बन डायऑक्साइड. हा शेवटचा टप्पा सगळ्यात रेंगाळतो. विमान धावपट्टीकडे हळूहळू सरकत असतं तेव्हा इंजिन जेमतेम जोरावर असतं (इंजिनाच्या प्रमाणन चाचणीत पूर्ण जोराच्या ७ टक्के धरतात). आत दाब कमी, हवा कमी तापलेली, फवाऱ्याचे थेंब जाड. त्यात थंड हवा मिसळली की रसायनक्रिया अर्ध्यावरच थांबते. न जळलेलं इंधन, फॉर्माल्डिहाइड वगैरे बाहेर पडतं. तुम्हाला येतो तो हा वास.

उड्डाणाला पूर्ण जोर लावला की हे जवळपास नाहीसं होतं, पण काजळी वाढते. नोझलजवळ इंधन जास्त आणि हवा कमी, अशा जागी ॲसिटिलीनपासून बेंझिनचं कडं बनतं, कड्याला कडी जोडत काजळीचा कण. बराचसा पुढे जळून जातो, उरलेला बाहेर. इंधनात ॲरोमॅटिक (म्हणजे अशी कडी असलेले रेणू) असतील तर कडी आयतीच मिळतात, म्हणून त्यांच्यावर २५ टक्क्यांची मर्यादा. आणि इंधन किती काजळी करतं याची चाचणी कशी? चक्क वातीच्या दिव्यात! धूर न होता ज्योत २५ मिमी उभी राहिली पाहिजे. नॅप्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांतलं, ३ टक्क्यांच्या आत असेल तर १८ मिमी चालते. अब्जावधींच्या विमानांचं इंधन अजून वातीवर पारखतात, याची मला भारी गंमत वाटते.

आता धूळ. इंजिनातले काजळीचे कण साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), ते हवेत तरंगत दूर जातात. बोटाला लागणारा जाड थर माझ्या मते जेएनपीटी बंदराच्या ट्रेलरांचा धूर, टायरांचा भुगा आणि तुमच्याकडच्या बांधकामांचा. विमानाला त्यात फुकट बदनाम करू नका.

जैव इंधनाचं म्हणाल, तर वनस्पती तेलापासून बनवलेल्या प्रकारात ॲरोमॅटिक जवळपास नसतातच, त्यामुळे काजळी घटते. वासात मात्र फार फरक पडेल असं वाटत नाही, कारण तो कमी जोरावरच्या अपुऱ्या ज्वलनाचा. शिवाय ॲरोमॅटिक शून्यावर आणता येत नाहीत: जुन्या इंधनप्रणालीतली नायट्राइल रबराची सील त्यांच्यामुळेच फुगून घट्ट बसतात, नाहीतर गळती. म्हणून हे इंधन सध्या निम्म्यापर्यंतच मिसळतात आणि मिश्रणात किमान ८ टक्के ॲरोमॅटिक ठेवतात.