शिक्षक मतदारसंघातून उभी राहतेयस, तर आधी यादीचं बघ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अमरावती शिक्षक मतदारसंघातून अपक्ष उभं राहायचं म्हणतेस आणि विचारतेयस की सर, प्रचार कधी सुरू करू, बॅनर लावू का, सोशल मीडिया सांभाळायला एखादा मुलगा ठेवू का. आधी हे सांगतो की मला फार आनंद झाला. कायद्यात उमेदवार शिक्षकच हवा अशी अट नाहीये, मतदार शिक्षक हवा एवढंच आहे, त्यामुळे संस्थाचालक, पत्रकार, पक्षाचे पदाधिकारी सगळेच इथून उभे राहतात, त्यातल्या काहींनी चांगलं कामही केलंय. मुंबईतले कपिल पाटील मूळचे पत्रकारच, २००६ पासून तीन वेळा निवडून आले. पण रोज आठवीच्या वर्गात उभं राहणारं माणूस विधान परिषदेत गेलं पाहिजे असं मी कायम म्हणत आलोय, आणि तू ते करू शकतेस.

आता प्रचाराचं. बॅनर सध्या विसर. ही निवडणूक मतदार यादीत जिंकतात नाहीतर यादीतच हरतात. विधानसभेची यादी कायम चालू असते, तशी ही नसते. दर निवडणुकीला जुनी यादी बाद होते आणि कोऱ्या कागदापासून नवीन बनते, १ नोव्हेंबर हा त्याचा अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता त्या तारखेला मोजतात. त्याआधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं पाहिजे, नमुना १९ हा नावनोंदणीचा अर्ज भरायचा, सोबत संस्थाप्रमुखाचा दाखला लावायचा. म्हणजे ज्याने मागच्या वेळी मत दिलं त्यालाही पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि हे किती जणांना माहीतच नसतं! मतदानाच्या दिवशी केंद्रावर येतात, नाव सापडत नाही, हळहळत परत जातात. त्यात सूचना निघते ऑक्टोबरमध्ये आणि पहिली मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणजे नेमकी दिवाळीची सुट्टी, शाळेला कुलूप, मुख्याध्यापक गावाला, शिक्का कपाटात. म्हणून सप्टेंबरमध्येच शाळाशाळांत जाऊन लोकांना जागं कर. आणि कुठल्या पक्षाने किंवा उमेदवाराने गठ्ठ्याने अर्ज आणून दिलेले चालत नाहीत, संस्थाप्रमुख मात्र आपल्या स्टाफचे एकत्र पाठवू शकतो, तेव्हा मुख्याध्यापकांशी आत्तापासून बोलायला लाग.

इथे एक गोष्ट मला फार खुपते. तुझ्या ओळखीतले कितीतरी लोक झेडपीच्या प्राथमिक शाळांत आहेत, ते तुझ्यासाठी जीव टाकतील पण त्यांना मतच नाही, कारण घटनेच्या कलम १७१ मध्ये माध्यमिकपेक्षा खालच्या संस्था धरलेल्याच नाहीत. त्यांच्या मतावर हिशोब मांडू नकोस, पण त्यांना हक्क मिळावा ही मागणी तू लावून धर, ती रास्त आहे.

आणि दुसरे ते आपले विनाअनुदानितवाले. कुणी २० टक्के अनुदानावर, कुणी ४०, कुणी ६०, कुणी अजून काहीच नाही. दुपारी शाळा, संध्याकाळी ट्यूशन, सुट्टीत दुसऱ्याच्या शेतावर. आझाद मैदानात पावसात बसलेले हेच लोक असतात. यांचं नाव यादीत येणं सगळ्यात अवघड, कारण दाखला द्यायचा ज्याने तो संस्थाचालकाच्या धाकात, आणि कधीकधी संस्थाचालक स्वतःच दुसऱ्या कुणाचं काम करत असतो. तू बुलढाणा, वाशिम, यवतमाळच्या आडगावच्या शाळांत आधी जा, अमरावती आणि अकोला शहरात सगळेच जातात. अशा शाळेत गेलीस की भाषण नको. नमुना १९ काढ, शेजारी बसून भरून घे, आधार आणि फोटो लावलाय का बघ, अर्ज कुठे द्यायचा ते सांग, पोच घ्यायला लाव. ज्याचं नाव तुझ्यामुळे यादीत लागलं तो तुला विसरणार नाही, आणि समजा त्याने दुसऱ्याला मत दिलं तरी एका शिक्षकाला त्याचा हक्क मिळाला, हे काम वाया जात नाही.

मतमोजणीला मी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून टेबलावर बसलेलो आहे. बाद मतपत्रिकांचा ढीग बघून पोटात कालवायचं. एकीवर सुरेख अक्षरात 'एक' लिहिलेलं, एकीवर बरोबरची खूण, एकीवर १ हा आकडा दोन नावांपुढे, एकीवर चक्क सही. मतपत्रिका कशी भरायची हे कुणी शिकवलेलं नसतं म्हणा, पण सगळी माणसं शिक्षकच ना! केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचं, स्वतःचा पेन चालत नाही, आणि फक्त पसंतीचा आकडा लिहायचा, १, २, ३. तुझ्या प्रत्येक बैठकीत पाच मिनिटं यासाठीच ठेव, कोऱ्या नमुन्यावर करून दाखव.

पसंतीक्रमाचं गणितही नीट समजून घे. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त असा कोटा असतो, समजा ३०,००० वैध मतं पडली तर १५,००१. पहिल्या पसंतीत कुणी तिथे पोचलं नाही तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बाकीच्यांना जाते, असं करत करत रात्र उलटते. २०२० ला तुमच्याच मतदारसंघात किरण सरनाईक अपक्ष निवडून आले, विद्यमान आमदाराला हरवून, तेव्हा अपक्षाला संधी नसते हे कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पण अपक्षाला दुसरी पसंती मागता आली पाहिजे. जो म्हणेल मॅडम, माझा शब्द दुसरीकडे दिलाय, त्याला हसून सांग की मग दोन नंबरला मला ठेवा. त्यासाठी कुठल्याच उमेदवाराबद्दल वाईट बोलायचं नाही, ग्रुपवरसुद्धा नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. या निवडणुकीत विधानसभेसारखी खर्चाची मर्यादा नाही, म्हणून जेवणावळी होतात, पाकिटांच्या, पैठण्यांच्या गोष्टी कानावर येतात. तू चहासुद्धा स्वतःच्या घरी बोलावून दे. शिक्षकाला पाकीट देणारा आमदार शिक्षकाचं काम कधीच करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने हिशोब तिथेच मिटलेला असतो. तुझ्याकडे पैसा नाही हे लपवू नकोस.

आश्वासनं जपून दे. जुनी पेन्शन मी मिळवून देते असं म्हणू नकोस. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या मनात ती जखम आहे, मार्च २०२३ चा संप आपण सगळ्यांनी बघितलाय, त्याच वर्षी नागपूर शिक्षक मतदारसंघातून सुधाकर अडबाले निवडून आले त्यातही या मुद्द्याचा वाटा होता. पण परिषदेत ७८ जागा, त्यात शिक्षकांच्या ७. तिथून सरकार पडत नाही, अर्थविधेयक १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही. जे करता येतं ते म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, मंत्र्याकडून सभागृहात तारखेसकट उत्तर काढणं. त्यामुळे एकच विषय घे आणि त्यात तुझ्याइतकी माहिती कुणाला नसेल अशी तयारी कर. मी सांगेन शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार निघायला लागणारा क्रमांक, आणि टप्पा अनुदान, म्हणजे ते २०, ४० टक्क्यांनी वाढत जाणारं अनुदान. टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, त्याने पहिली ते आठवीला शिकवणारे धास्तावलेत, तो पण मूळ वाचून ठेव, व्हॉट्सॲपवरचा सारांश नको.

राहिलं कागदपत्रांचं. ३० वर्षं पूर्ण लागतात, तुझी झालीत. अनामत १०,००० रुपये. सूचक, म्हणजे तुझं नाव सुचवून सही करणारे, दहा, आणि ते याच मतदारसंघाच्या यादीतले हवेत, तू पंधरा-सोळा सह्या घेऊन ठेव, एखाद्याचा भाग क्रमांक चुकला तर धावपळ नको. शपथपत्रात एकही रकाना रिकामा सोडू नकोस, लागू नसेल तर 'निरंक' लिही. संस्थेला लेखी कळव, पोच घे, १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आणि तुझी रजा एखाद्या जाणत्या वकिलाला दाखव, हे तोंडी बोलण्यावर सोडायचं काम नाही.

घरच्यांशी बोललीस का ते मेसेजमध्ये नव्हतं. आधी त्यांच्याशी बोल, पाच जिल्हे फिरायचेत. मग रविवारी तालुकावार शाळांची यादी घेऊन ये, कुठल्या शाळेत कोण आपलं आहे ते दोघं बसून लिहून काढू.