नाशकात खरी ग्रीन करी शोधताय? तर्री बघा

बँकॉकहून आल्यापासून कॉलेज रोड-गंगापूर रोडवर तीन ठिकाणी थाई ग्रीन करी (हिरव्या मिरचीचं वाटण घातलेला नारळाच्या दुधातला रस्सा) खाल्ली आणि तिन्ही वेळा हिरव्या रंगाची पनीर ग्रेव्हीच समोर आली, असं तुम्ही लिहिलंय आणि खरी कुठे मिळते ते विचारलंय. मीही या फेरीतून गेलोय.

हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही. आपल्याकडे थाई म्हणजे बहुधा चायनीजच्या मेनूकार्डचं शेवटचं पान, आणि तेही एखाद्याच आचाऱ्याच्या हातावर चालणारं. तो गेला की चव त्याच्याबरोबर जाते, पाटी मात्र तशीच राहते.

त्यापेक्षा दुपारी चारच्या सुमारास, किचन रिकामं असताना फोन करा आणि विचारा, करीच्या वाटणात आलं घालता की गलांगल? ‘एकच ते’ म्हणाले तर फोन ठेवा. गलांगल म्हणजे आपलं कोष्टकोळिंजन, काष्टौषधीवाल्याकडे सुकं मिळतं. दिसायला आल्याचं भावंड, पण वास पार वेगळा. मग तुळस कुठली ते विचारा. ग्रीन करीत लागते ती होरापा, आपल्या सब्जाच्या जातीतली, बडीशेपेच्या वासाची. अंगणातल्या तुळशीची बहीण म्हणजे कप्राव, ती झणझणीत परतलेल्या पदार्थांत पडते.

ताट समोर आलं की आधी तर्री बघायची. मिसळ खाऊन वाढलेल्या नाशिककराला हे शिकवायला नको! नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवतात आणि त्या तेलात वाटण परततात, म्हणून करीवर हिरवट तेलाचे थेंब तरंगतात. खालचा रस्सा पातळच असतो, भातात मुरणारा. चमच्याला चिकटून बसणारी गुळगुळीत करी दिसली की कॉर्नफ्लॉअर समजा. रंगही फिका हवा, कारण तो हिरव्या मिरचीचा असतो. पोपटी चमक आली तर बाटलीतला रंग.

घरात कुणी शाकाहारी असेल तर मात्र नीट ऐका. आमच्या सासूबाईंनी एका हॉटेलात ‘व्हेज’ रेड करी मिटक्या मारत खाल्ली. मी सहज पेस्टचा डबा बघायला मागितला, तर बारीक अक्षरांत कोळंबी! तयार पेस्टमध्ये ती बऱ्याचदा असते, खारटपणाही फिश सॉसचाच. (सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.) शाकाहारी थाई करता येतं, पण त्यासाठी वाटण तिथेच केलेलं हवं. थायलंडमध्येही ‘जे’ म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यात मांस-मासे नाहीत आणि लसूणही नाही.

सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची थाई कोशिंबीर, मागवलीत तर खलबत्त्याचा आवाज येतो का ते ऐका. पपई कुटलेली हवी, नुसती कालवलेली नको. आणि पॅड थाई, म्हणजे परतलेल्या थाई नूडल्स, लालभडक आली तर सरळ बिल मागवा. चिंचेने नूडल्स तपकिरी होतात, लाल होतात त्या केचपने.