ड्राइव्ह बिघडलेला नसेल, आधी ट्रे बघा

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लग्नाची डीव्हीडी छान चालते, कोऱ्या सीडीवर गाणीही उतरतात. पण कोरी डीव्हीडी घातली की ‘डिस्क घाला’ एवढंच म्हणतो. वडिलांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आत्याला द्यायचंय, तिच्याकडे फक्त डीव्हीडी प्लेअर आहे. ड्राइव्ह बदलू का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, थांबा, खर्च करू नका. ट्रे बाहेर काढून त्यावरची छोटी चिन्हं उजेडात वाचा. सीडीच्या चिन्हाखाली ‘रीरायटेबल’ आणि डीव्हीडीच्या चिन्हाखाली ‘रॉम’ किंवा काहीच नसेल, तर तो बहुधा कॉम्बो ड्राइव्ह आहे. तो डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडीवर. सीडी आणि डीव्हीडीचे लेझर वेगळे असतात, आणि कॉम्बोतला डीव्हीडीचा लेझर लिहिण्याइतका ताकदवान नसतो. माझ्या टेबलावर असे कितीतरी धडधाकट ड्राइव्ह ‘बिघडलाय’ म्हणून आले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

डीव्हीडीखाली ‘आर-डब्ल्यू’ असेल, म्हणजे ड्राइव्ह डीव्हीडीवरही लिहू शकत असेल, तर मात्र दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क लावून बघा आणि ट्रेमधल्या लेझरच्या भिंगावरची धूळ फुंकणीने हलकेच उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब भिंगावर बसतो.

आणि कीर्तनाला डीव्हीडी हवीच कशाला? ऑडिओ सीडीत 80 मिनिटं मावतात. एमपी-थ्री, म्हणजे आवाजाची आटोपशीर फाइल, केलंत तर 128 केबीपीएस या दर्जाला 700 एमबीच्या सीडीत जवळपास 12 तास. फक्त आत्याच्या प्लेअरवर ‘एमपी-थ्री’ लिहिलंय का, ते फोनवर विचारून घ्या. कोरी सीडी घातल्यावर ती कशी वापरायची असं विंडोजने विचारलं, तर ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’ हाच पर्याय निवडा.