डॉक एकच की चार?

प्रश्न: आम्ही डॉकयार्ड रोडला राहतो, सासरे गोदीत कामाला होते. इस्रोनं दोन उपग्रहांचं डॉकिंग केलं तेव्हापासून मुलगा विचारतोय की इंग्रजी पेपरात आरोपीही 'डॉक'मध्ये असतो, सुट्टी जास्त झाली की पगारही 'डॉक' होतो, मग हा सगळा एकच शब्द का?
– एक वाचक, माझगाव

उत्तर: नाही ताई, मुलाची शंका एकदम रास्त आहे. हे दिसायला सारखे पण मुळात वेगळे शब्द आहेत, चांगल्या डिक्शनरीत त्यांच्या नोंदीही वेगळ्या असतात.

तुमच्या सासऱ्यांचा डॉक आला डच भाषेकडून. त्याचा सगळ्यात जुना अर्थ मला फार आवडतो, ओहोटीला जहाज चिखलात टेकतं ना, तेव्हा चिखलात जो खळगा पडतो तो डॉक! भाऊच्या धक्क्याजवळ ओहोटीच्या वेळी चिखलात बसलेल्या होड्या मुलाला दाखवा, लगेच कळेल त्याला. पुढे माणसानं बांधून काढलेल्या जागेलाही तेच नाव पडलं, आपल्याकडे ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, आणि व्हिक्टोरिया डॉक तर १४ एप्रिल १९४४ च्या स्फोटामुळे मुंबई कधीच विसरणार नाही. जहाज येऊन डॉकला लागतं, त्यावरूनच यान यानाला जोडणं म्हणजे डॉकिंग, इस्रोनं ते १६ जानेवारी २०२५ ला जमवलं, लॅपटॉपचा डॉकही ह्याच घरातला.

कोर्टातला डॉक मात्र वेगळा. तो बहुतेक फ्लेमिश भाषेतला, तिकडे कोंबड्या-सशांच्या खुराड्याला डॉक म्हणायचे. आणि बघा, आपणही 'आरोपीचा पिंजरा'च म्हणतो की, दोन्हीकडे तीच कल्पना!

पगाराचा डॉक शेपटीवरून आलाय. जनावराच्या शेपटीचा मांसल भाग म्हणजे डॉक, मग शेपूट छाटणं म्हणजे डॉक करणं, आणि तिथून पगार छाटणं.

चौथा मुलानं विचारला नाही पण सांगतेच, डॉक नावाची एक वनस्पतीही आहे, इंग्लंडात खाजकुयलीसारखं नेटल नावाचं झाड अंगाला लागलं की तिची पानं चोळतात. हा शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होता. तिचाच भाऊबंद आपण बाजारातून जुडी आणून डाळीत घालतो, आंबट चुका, इंग्रजीत ब्लॅडर डॉक.